फॉइलचा बाक: आधी ओलावा, मग वजन

ग्रेडिंगसाठी (कंपनीकडून कार्डाची अवस्था तपासून १० पर्यंतचा दर्जा मिळवण्यासाठी) वेगळा काढलेला फॉइलचा, म्हणजे चमकीच्या थराच्या ट्रेडिंग कार्डांचा, गठ्ठा पुन्हा वाकला. मागच्या नोंदीतली जाड पुस्तकांखाली दाबायची पद्धत बाद. दाबातून काढलं की कार्ड सपाट दिसतं, पण फोटो काढून होईपर्यंत कडा परत उचलायला लागतात.

वजनाने कागदातला ओलावा जात नाही, खरी गोम तिथे आहे. कागदी गाभा दमट हवेत फुगतो, चमकीचा थर मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वाटीसारखं वळतं. कोरड्या हवेत उलट: चित्राची बाजू फुगीर, कडा खाली. आधी बाकाची दिशा बघा, मग उपाय.

सध्याची मांडणी: हवाबंद डबा, हवेतला ओलावा ४९ टक्क्यांवर धरणारं बोवेडा पाकीट, छोटा डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजायला). सिलिका जेल नको. ते ओलावा ओढतच राहतं आणि कार्ड दुसऱ्या बाजूला वळतं. बोवेडा ओलावा घेतं तसं परतही देतं. हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको, स्वस्तातले चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलं करा (विरघळू देऊ नका), हायग्रोमीटरसह झिप पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक, तेवढा पुढे धरून चालायचं.

तरीही डब्यात ४९ दिसत असताना कार्डं ढिम्म. कारण तो आकडा डब्यातल्या हवेचा, कागदाचा नव्हे. कार्डं टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) होती आणि त्यात हवेची ये-जा फक्त तोंडातून, तीही नावापुरती. टॉपलोडर काढून नुसत्या पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात), तोंड वर, मध्ये फट ठेवून कार्डं उभी केली आणि बाक उतरायला लागला. स्लीव्हही काढली तर काम आणखी लवकर होईल, पण सरफेसवर एक ओरखडा आला की १० विसरा. बरेच हलके बाक वजन न ठेवताच गेले. उरलेल्यांना, बाक बहुतेक उतरल्यावरच, दोन गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक पट्ट्यांमध्ये हलकं वजन. रबरबँड अजिबात नको, कडेला खाच पडते. इस्त्री आणि हेअर ड्रायरवाल्यांशी वादच घालायचा नाही.

सपाट झाल्यावर सेंटरिंग (छपाई कार्डाच्या किती मधोमध आहे ते) पुन्हा मोजलं आणि सगळा बेतच बदलला. वाकलेल्या कार्डाच्या फोटोत एक बॉर्डर अरुंद दिसते, त्यामुळे आधीची मापं कुचकामी. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० ला पुढच्या बाजूला ५५/४५ लागतं. डावीकडे १.५ आणि उजवीकडे १.७ मिमी म्हणजे ४७/५३, चालेल. १.४ आणि १.८ म्हणजे ४४/५६, गेलं. छपाई ०.१ मिमी सरकली की कार्डाचा गठ्ठा बदलतो.

आता सगळी पाठवायची नाहीत. रॉ (ग्रेडिंग न केलेल्या कार्डाचा) भाव १०० धरा आणि ग्रेडिंग व येण्याजाण्याचा खर्च ४०. विक्रीची फी वजा जाऊन ९ चे ११० आणि १० चे २६० हातात येत असतील, तर बरोबरी साधायला १० येण्याची शक्यता २० टक्के हवी: (१४० − ११०) ÷ (२६० − ११०). भाव झालेल्या विक्रीचेच घ्या, मागितलेले नाही. पॉप रिपोर्टमध्ये (कोणत्या दर्जाची किती कार्डं झाली त्या कंपनीच्या यादीत) १० चा ढीग असेल तर २६० हा आकडाच टिकणार नाही, आणि नव्या सेटचा पॉप तर वाढतच जातो. म्हणून नव्या सेटची काठावरची कार्डं रॉच विकायची, लवकर. पॅक फुटत राहतात तसा सिंगल्सचा (सुट्या कार्डांचा) भाव सहसा उतरतोच. जुनी, पुनर्मुद्रण न झालेली तेवढी ग्रेडिंगला.

पॅकिंग डब्यातून काढल्याकाढल्या: पेनी स्लीव्ह, कार्ड सेव्हर १ (अर्धकडक प्लास्टिकचं पाकीट), वरून बंद झिप पिशवी. वाटेत बाक परत येतो का हे कळायला रॉ विक्रीच्या पार्सलांमध्ये अर्ध्यांत छोटं बोवेडा पाकीट घालायचं, अर्ध्यांत नाही, आणि पोचल्यावरचा फोटो घेणाऱ्याकडून मागवायचा.