दर महिन्याची सही

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा विषय मी वर्गात शिकवते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: मूठभर गोऱ्यांनी एवढ्या मोठ्या बहुसंख्य समाजाला इतकी वर्षे दाबून ठेवले तरी कसे? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून लिहिते आहे.

बंदुका होत्याच. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिलमध्ये पासच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 69 जणांचा जीव घेतला. पण रोजचा कारभार चालत होता तो एका लहानशा पुस्तकावर. 1952 च्या कायद्याने सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीयांना हे पासबुक सतत जवळ बाळगणे बंधनकारक झाले. स्त्रियांवर ती सक्ती थोडी उशिरा आली, आणि 1956 साली सुमारे 20,000 स्त्रिया तिच्या निषेधार्थ प्रिटोरियात जमल्या. (1952 च्या त्या कायद्याच्या नावात पास ‘रद्द’ करण्याची भाषा होती, याचा मला आजही संताप येतो.) या पासबुकात फोटो, कराच्या नोंदी, शहरात राहण्याची परवानगी आणि मालकाची दर महिन्याची सही असे. पुस्तक घरी दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिले आणि नेमके त्याच दिवशी पोलिसाने अडवले, तरी अटक होई. ज्या गोऱ्या गृहिणीने आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल, तिने सही केली नाही तरी घरकामाच्या बाईवर शहर सोडण्याची पाळी येऊ शकत असे. माझ्या मते व्यवस्था टिकली ती यामुळे: पोलिसांचे काम घराघरांत वाटून दिलेले होते.

एकाच मालकाकडे सलग 10 वर्षे काम करणाऱ्याला शहरात राहण्याचा हक्क मिळे. तो मिळूच नये म्हणून 1968 पासून करार वर्षभराचेच केले गेले आणि नूतनीकरणासाठी कामगाराला दरवर्षी मूळ प्रदेशात परत जावे लागे, म्हणजे ‘सलग’ काही उरत नसे. जर्मिस्टनचे कामगार टॉम रिखोटो याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 1983 साली सर्वोच्च अपील न्यायालयात जिंकले. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलला: असा हक्क मिळालेल्याला बायकामुले आणायची असतील तर घर स्वतःच्या नावावर हवे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील घरांची टंचाई तर सरकारनेच वाढू दिली होती. पासचे कायदे 1986 साली रद्द झाले.