हात नसलेल्या खुर्च्या

स्पेनमधल्या एका छोट्या तंतुवाद्यवृंदात मी व्हायोला वाजवते आणि व्यवस्थापनही बघते. जुलैमध्ये माद्रिदजवळच्या एका गावात, चर्चमध्ये कार्यक्रम होता. जाताना बसमध्येच रॉयल्टीचे कागद भरले. कार्यक्रमातला एक संगीतकार, स्पेनचा तुरिना, 1949 साली गेला, पण त्याच्या पिढीच्या संगीतकारांचे हक्क इथल्या कायद्यानं मृत्यूनंतर 80 वर्षं टिकतात.

पोहोचलो तर वेदीपुढे मांडलेल्या सगळ्या खुर्च्या हातांच्या. आम्ही पाठवलेल्या यादीत ‘चेलोसाठी बिनहातांच्या’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. चेलो म्हणजे बसून, गुडघ्यांमध्ये उभा धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य. आम्ही व्हायोलिन-व्हायोलावाले उभ्यानंच वाजवतो, आमचं काही अडत नाही. पण शेवटी अठराव्या शतकातल्या बोक्केरिनी या इटालियन संगीतकाराची रचना होती. स्पेनच्या राजाच्या भावाच्या चाकरीत, माद्रिदपासून दूर राहत असताना, 1780च्या सुमारास त्यानं माद्रिदच्या रस्त्यांवरच्या रात्रीवर एक पंचक, म्हणजे पाच वाद्यांची रचना, रचलं. त्यात आंधळ्या भिकाऱ्यांचा मिन्युएट (एक नाचाची चाल) येतो. तिथे चेलो मांडीवर आडवा घेऊन गिटारसारखा नखांनी छेडायचा, ही खुद्द त्याचीच सूचना. हातांच्या खुर्चीत चेलो आडवा बसणार कसा?

“उभा धरूनच छेडतो ना,” आमचा एक चेलोवादक म्हणाला. मी नाही म्हटलं. उभ्या चेलोवर बोटानं तार ओढली की एकेक सूर सुटा येतो. आडव्यावर नखं फिरली की तारा एकदम खणखणतात, आणि सगळी गंमत त्या खणखणाटात आहे.

बाहेर ऊन उतरलं होतं. बायका रोजच्यासारख्या दाराशी खुर्च्या टाकून वाऱ्याला बसल्या होत्या. लाकडी, गवतानं विणलेल्या, बिनहातांच्या! एका आजींना अडचण सांगितली. त्या काही न विचारता उठल्या, खुर्ची माझ्या हातात दिली आणि समोरच्या दोघींनाही उठवलं. एक खुर्ची फारच बुटकी निघाली. तिच्या पायांखाली फळकुटं सारली.

स्पेनबाहेर या रचनेचा काही उपयोग नाही, लोकांना तिचा अर्थच कळणार नाही, असं बोक्केरिनीनं प्रकाशकाला कळवलं होतं. इथे मिन्युएट सुरू झाला आणि पहिल्या रांगेतल्या आजींनी शेजारणीला कोपरानं ढोसून आपली खुर्ची दाखवली. मला वाजवता वाजवता भरून आलं.

कार्यक्रम संपल्यावर चेलोवादकांनी स्वतः खुर्च्या दारोदार पोहोचवल्या. आता चेलोच्या खुर्च्या आमच्याच गाडीतून जातात. वाहतुकीचा खर्च वाढला आहे, हिशेबाच्या बैठकीत त्यावर दरवेळी बोलणं होतं. ती ओळ मी काटू देत नाही.