एनएमएमएसचा निकाल लागला, आता खरं काम

एनएमएमएस म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची आठवीतली केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. तिचा निकाल लागला की शाळेत पेढे वाटतात, फळ्यावर नावं लिहितात. लिहावीतच. आठवीतल्या पोरांनी दीड-दीड तासात ९० प्रश्नांचे दोन पेपर सोडवायचे, हे सोपं नाही. बुद्धिमत्तेच्या पेपरातली आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा सरावाने जमते. शालेय क्षमतेच्या पेपरात मात्र गणिताचे २० प्रश्न आणि विज्ञान, समाजशास्त्राचे ३५-३५. तरी जादा तासाला सगळे गणितच घेऊन बसतात. मी इतिहास-भूगोल शिकवते म्हणून म्हणत नाही, मार्कांचा हिशोबच तसा आहे.

यादीत नाव लागलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, तिथे अकरावी सायन्सची पुस्तकं आणि सीईटीची फी यातूनच निघते.

पण हे पैसे आपोआप येत नाहीत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नववीत नवा अर्ज, मग दरवर्षी नूतनीकरण. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. आमच्या एका मुलीच्या आधारवर वडिलांचं नावच नव्हतं, शाळेच्या जनरल रजिस्टरला पूर्ण नाव. तिची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आधार दुरुस्तीला जायचं म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडणार. तरी गेली बिचारी, "बाई, पोरीचं काम आहे" म्हणाली.

सगळ्यात जास्त गळती दहावीनंतर होते. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५५. तेवढे मिळवूनही मुलं सुटतात, कारण शाळा बदलते. आता अर्ज पडताळायचा तो कॉलेजने. एका कॉलेजच्या खिडकीवर आमच्या मुलाला सांगितलं, "ती तुमच्या शाळेची स्कॉलरशिप, तिकडेच विचार." पोरगं घरी गेलं आणि गप्प बसलं. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू खिडकीशी भांडणार कसं? शेवटी आमचे मुख्याध्यापक स्वतः त्याच्यासोबत गेले, तेव्हा अर्ज पुढे सरकला.

एक नियम मला अजिबात पटत नाही. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलं की ही शिष्यवृत्ती बंद. इलेक्ट्रिशियन होऊन दोन वर्षांत घराला हातभार लावू पाहणाऱ्या पोराला पैशाची गरज कमी असते का? हा नियम बदलायलाच हवा. तोवर निदान मुलांना दहावीतच सांगा, म्हणजे तिकडे जाणाऱ्यांना दुसऱ्या सवलतींची चौकशी वेळेत करता येईल.

आणि दहावीच्या वर्गशिक्षकांनो, दाखला देताना त्यासोबत एका कागदावर पोर्टलचा ओटीआर नंबर (एकदाच करायच्या नोंदणीचा नंबर), अर्ज क्रमांक आणि नोंदवलेला मोबाईल नंबर लिहून द्या. तो मोबाईल अजून चालू आहे का, तेही तिथेच विचारा.