आमची वाटचाल: गॅसच्या आधी हवा मोजा

सोलापुरात एसी थंड करेना झाला की येणारा मेकॅनिक पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो: "गॅस कमी झालाय." हे वाक्य खोडून काढण्यात आमच्या फर्मची उमेदीची वर्षं गेली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मी आणि माझा पार्टनर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एसीची हवा वाहून नेणाऱ्या डक्टचा पत्रा वाकवायचो. स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्या पैशातून हवेचा दाब मोजणारा डिजिटल मॅनोमीटर घेतला. लाल आणि निळी नळी, टोकाला प्रोब. ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधी एक भोक, पुढे एक भोक, प्रोबचं तोंड वाऱ्याच्या दिशेला. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे ब्लोअरवरचा स्टॅटिक, हवेच्या वाटेतल्या अडथळ्याचा दाब. सीलिंगच्या ग्रिलसाठी पार्टनरने पुठ्ठ्याचा हूड बनवला होता, त्याच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग मोजणारा पंख्याचा ॲनिमोमीटर. तो हूड अजून शॉपमध्ये टांगलेला आहे.

मधली बरीच वर्षं बरी गेली. मग विजापूर रोडवरची एक बंगल्यांची स्कीम आली आणि आम्ही बुडायच्या बेताला आलो.

प्रत्येक बंगल्यात साडेपाच टनाचं डक्टेबल मशीन. टनाला 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरलं तर 2200 हवा पाहिजे. आम्ही तेवढी मोजून दिली. नंतर फॉल्स सीलिंगवाले आले. मे महिन्यात, पारा 43 च्या पुढे असताना, खोल्या गार होईनात. बिल्डरने आम्हाला न बोलावता दुसऱ्याला बोलावलं. त्याने गॅसचा दाब दाखवणारा गेज लावला, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसला, हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ दिसला, आणि गॅस भरला.

इथेच सगळं चुकतं. कॉइलवरून हवा कमी गेली तरी सक्शन पडतो आणि बर्फ धरतो. गॅस कमी असला तरी तेच. नुसत्या गेजवर दोन्ही सारखेच दिसतात. हवा न मोजता गॅस वाढवला की गॅस द्रवरूपातच परत कॉम्प्रेसरकडे जातो. एक कॉम्प्रेसर गेलाच. वर हाच माणूस गावभर सांगत फिरला की आम्ही "नुसते मीटरवाले". बिल्डरने आमचं बिल अडवलं, पत्र्याची उधारी थकली, गाडी विकावी लागली, पार्टनर पुण्याला नोकरीला गेला. ते बिल आजही येणं आहे.

त्या स्कीममधला एक बंगला अशोक चौकातल्या एका लूमवाल्या अण्णांचा होता. जुने गिऱ्हाईक. लूमच्या वरच राहायचे तेव्हा सुताच्या बारीक धुळीने त्यांचा फिल्टर आठवड्यात भरायचा, तो आम्हीच सांभाळायचो. अण्णा म्हणाले, "माझं सीलिंग फोड. खर्च माझा."

फोडलं. फ्लेक्सिबल डक्ट बीमखाली चेपून पट्टीसारखा चपटा झालेला. स्टॅटिक कंपनीने दिलेल्या आकड्याच्या दुपटीवर, सगळ्या ग्रिलमधून निघणाऱ्या हवेची बेरीज 1250 सीएफएम. सरळ जीआय (जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचा) डक्ट टाकला, हवा मशीनकडे परत नेणारी रिटर्नची एक ग्रिल वाढवली, जास्तीचा गॅस काढला. बेरीज 2100 वर गेली. अण्णांनी शेजाऱ्यांना घरी बोलावून आकडे दाखवले. तिथून आमचं काम परत उभं राहिलं.

घर बांधणाऱ्यांना सांगतो. बेडरूमचं दार बंद केल्यावर हवा परत जायला वाट ठेवा. दाराखाली मॅनोमीटरची नळी सरकवून 3 पास्कलपेक्षा जास्त दाब दिसला तर वाट कमी आहे. सीलिंग बंद होण्याआधी डक्ट स्वतः चढून बघा, फोटो काढा. आणि गॅस भरायला येणाऱ्याला आधी विचारा, "हवा किती निघाली?" त्याच्याकडे आकडा नसेल तर सिलिंडर उघडू देऊ नका.

पार्टनर मागच्या वर्षी परत आला. आता नव्या पोरांना हूड धरायला तोच शिकवतो.