आमची वाटचाल : आधी काटा, मग शॉकअप

दर आठवड्याला कुणी ना कुणी दुकानात येतं आणि गाडीतून उतरता उतरताच विचारतं, "भाऊ, शॉकअप टाकले की गाडी किती इंच उचलेल?" धाकटा भाऊ गाडीखाली आडवा असतो. तो तिथूनच ओरडतो, "शून्य!" गिऱ्हाईक हिरमुसतं. मग मी चहा सांगतो, कारण पुढचं बोलणं अर्ध्या तासाचं असतं.

हा धंदा आमच्या अण्णांचा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आग्रा रोडला पत्र्याची शेड होती आणि काम होतं ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. मुंबईकडून कसारा घाट चढून आलेली लोडेड गाडी द्वारकेपर्यंत आली की कुणाचा मेन पाटा तुटलेला, कुणाचा सेंटर बोल्ट कापलेला, कुणाचे यू-बोल्ट ढिले. भट्टी, ऐरण आणि घण एवढ्यावर घर चालायचं. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान चढवताना अण्णा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. पण ते दोन गोष्टी मात्र रोज ऐकवायचे. पहिली, "पाटा वजन उचलतो, शॉकअप फक्त पाट्याला आवरतो." दुसरी गोष्ट ते करून दाखवायचे. घाट चढून आलेल्या ट्रकच्या प्रत्येक शॉकअपला ते हात लावून बघायचे. तीन तापलेले आणि एक थंड लागला की म्हणायचे, "थंड तो मेला." चाकाची उसळी गिळायची म्हणजे तिची उष्णता करायची, शॉकअपचं कामच ते. जो तापत नाही तो काम करत नाही. इतकी साधी परीक्षा मी नंतर कुठल्या कॅटलॉगात वाचली नाही.

2002 मध्ये स्कॉर्पिओ आली. आपल्या नाशिकच्याच कारखान्यातली, त्यामुळे गावात तिचं कौतुक जरा जास्तच. तिच्या मागच्या बाजूला पाटे नव्हते, कॉइल स्प्रिंग होत्या. अण्णा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता घण ठेवा." घण लगेच ठेवला नाही, पण दिशा कळली. ट्रकचं काम हळूहळू कंपन्यांच्या वर्कशॉपकडे गेलं, रस्ता रुंद झाला, वर उड्डाणपूल आला, आणि आम्ही शेड मोडून पाथर्डी फाट्याकडे आलो. 2009 मध्ये फॉर्च्युनर आली, 2010 मध्ये थार, 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप. द्राक्षाला भाव मिळाला की दिंडोरी-निफाडकडे मोठी गाडी येते हे नाशिककरांना सांगायला नको. त्या गाड्या शेताच्या बांधावर जायच्या, सुरगाण्याच्या रस्त्याला लागायच्या, आणि त्यातल्या काही दिवाळीनंतर कच्छच्या रणात किंवा उन्हाळ्यात स्पितीला. कंपनीचे शॉकअप चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला थकले की मालक आमच्याकडे यायचे. त्यांना 'इम्पोर्टेड' हवे असायचे. आम्हालाही विकायचे होते.

इथेच आम्ही आपटलो. एका नर्सरीवाल्या काकांची व्ही-क्रॉस होती. त्यांना गाडी उंच हवी होती. मी कॅटलॉग उघडला, लांब स्ट्रोकचे शॉकअप मागवले आणि मोठ्या ऐटीत चारही बसवले. पूर्ण ताणल्यावरची लांबी पाहिली होती, पूर्ण दाबल्यावरची पाहिलीच नव्हती. मागचे पाटे कंपनीचेच होते. दोन दिवसांनी काका रोपांचे क्रेट भरून पेठकडे निघाले. सावळघाटात एका खड्ड्यात मागचं चाक पूर्ण वर आलं. अशा वेळी एक्सलने आधी रबरी बंपस्टॉपला टेकायचं असतं, तो त्याच्यासाठीच असतो. पण आमचा लांब शॉकअप त्याच्या आधीच संपला. अख्ख्या भरलेल्या गाडीचा दणका शॉकअपच्या पोटात गेला, रॉड वाकला, आणि चेसिसवरचा वरचा ब्रॅकेट फाटला. टोचन करून गाडी आणली. ब्रॅकेटची वेल्डिंग, नवे शॉकअप, रोपांचं नुकसान, सगळं आम्ही भरलं. काका एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

अण्णा तेव्हा घरीच बसायचे. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "वजन किती होतं?" मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याची गिऱ्हाईकं टिंगल करतात. गाडी नेहमी जशी भरलेली असते तशी भरून, टाकी फुल करून, घरची माणसं बसवून आधी ट्रकच्या वजनकाट्यावर न्यायची. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत फॉर्च्युनर उभी आहे आणि आत आजी बसलेली आहे, असं दृश्य लासलगाव-पिंपळगावकडे कुणी पाहिलं असेल तर ते बहुतेक आमचंच गिऱ्हाईक. मजा अशी की मालक म्हणतो, "काही नाही हो, थोडंसं सामान असतं." काटा सांगतो की पुढे लोखंडी बुलबार आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचं यंत्र, बसवल्याने पुढच्या एक्सलवर माणूस-दीड माणूस कायमचा बसलेला आहे, आणि मागे टपावर तंबू, पाणी, जादा डिझेल. अशा गाडीला आधी स्प्रिंग बदलावी लागते. शॉकअप नंतर.

उंचीचा गैरसमज कुठून आला तेही सांगतो, कारण त्यात थोडं खरं आहे. गॅसचा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप हातात धरून दाबला तर रॉड आपोआप बाहेर येतो. लोकांना वाटतं, हा गाडी उचलणार. आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. समजा रॉड 14 मिलिमीटरचा आहे आणि दाब 20 बार आहे, तर बाहेर ढकलणारा जोर निघतो सुमारे 30 किलो. दोन टनांच्या वरच्या गाडीला एका कोपऱ्यावर 30 किलोंनी काय होणार? तो गॅस उचलण्यासाठी नसतोच. तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर वरखाली झाला की तेलात बुडबुडे होतात, फेसाळ तेल झडपांतून नुसतं सुळकन जातं, आणि गाडी नावेसारखी डुलायला लागते. मोनोट्यूबमध्ये एक तरंगता पिस्टन तेल आणि गॅस वेगळे ठेवतो. ही कल्पना फ्रेंच इंजिनिअर द कार्बन यांची. जर्मनीच्या बिलस्टाइनने ती घेतली आणि 1957 मध्ये मर्सिडीजसाठी असे शॉकअप बनवायला सुरुवात केली.

मग सगळ्यांना मोनोट्यूबच का देत नाही? आपल्याकडे काळा पाषाण आहे म्हणून. मोनोट्यूबची बाहेरची नळी हाच पिस्टनचा सिलिंडर असतो. हर्सूलकडच्या रस्त्यावर टायरने उडवलेला टोकदार दगड नळीवर बसला, जरा पोचा पडला, की पिस्टन तिथे अडकतो आणि शॉकअप गेला. ट्विनट्यूबला दोन नळ्या असतात. बाहेरचीला पोचा पडला तरी आतली चालू राहते. तो उष्णता मात्र लवकर बाहेर टाकत नाही, कारण गरम झालेल्या तेलाभोवती आणखी एक तेलाचा थर असतो. म्हणून आम्ही रस्ता विचारतो. सहा-सात तास सलग खडखडत जायचं आहे, कच्छ किंवा स्पिती, तर मोनोट्यूब, आणि परवडत असेल तर बाजूला तेलाची वेगळी टाकी असलेला. शेत, मुरूम, पावसाळ्यात चिखल, महिन्यातून एकदा मुंबई, तर चांगला ट्विनट्यूब. ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन इमू कंपनीचे नायट्रोचार्जर शॉकअप आम्ही याच कामाला देत आलोय. मला त्यांची एक सवय आवडते. ते स्प्रिंग गाडीच्या नावावर देत नाहीत, पुढे बुलबार आहे की नाही, मागे कायम किती वजन असतं, ते विचारून देतात. अण्णांना हे लोक भेटायला हवे होते.

भावाने मात्र आकडे शिकून घेतले. बिलस्टाइनच्या काही शॉकअपवर 255/70 असा आकडा असतो. तो वाचता येईपर्यंत आम्ही त्याला पार्ट नंबर समजत होतो! पहिला आकडा रिबाउंडचा, म्हणजे स्प्रिंग सुटताना किती आवरायचं. दुसरा कंप्रेशनचा, म्हणजे चाक वर येताना किती अडवायचं. सेकंदाला 0.52 मीटर वेगाला अनुक्रमे 2550 आणि 700 न्यूटन. रिबाउंड जास्त का, याचं उत्तर पुन्हा अण्णांचंच : दाबलेला पाटाच उसळी मारतो, त्याला आवरा. भारी स्प्रिंग टाकून जुनाच हलका शॉकअप ठेवला तर गाडी स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा हलते. उलट हलकी स्प्रिंग आणि कडक शॉकअप असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला परत सुटायला वेळच मिळत नाही, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर आपटते. गिऱ्हाईक म्हणतं, "महाग शॉकअप लवकर गेले." गेलेले नसतात, चुकीच्या घरात दिलेले असतात.

मोजमापाचं आता आम्ही फार कटकटीने करतो. पाटे-स्प्रिंग मोकळे करून एक्सल जॅकने बंपस्टॉपला टेकवायचा आणि दोन्ही माउंटिंगमधलं अंतर घ्यायचं. शॉकअप पूर्ण दाबल्यावर याहून दीड-दोन सेंटीमीटर तरी आखूड हवा. मग चाक लोंबकळू देऊन उलटं माप. तेव्हा ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का तेही बघायचं, ते लोक विसरतात. अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे लावले की कुरकुर होते.

एकदा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात जोडी घेतली. डबा अस्सल, स्टिकर अस्सल, आत भलताच माल. तीन महिन्यांत सीलमधून तेल. बिल नव्हतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. आता बिलाशिवाय एक बुश घेत नाही. हिशेब बायकोकडे आहे, तिथे माझं चालत नाही.

उंची वाढवायच्या कामाला बहुतेक वेळा नाही म्हणतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विम्यावाले गाडीखाली आधी वाकतात. शिवाय पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी फार उचलली की एक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, टायर एका कडेने खातात. वजनाने बसलेली गाडी मूळ उंचीला आणून देतो. त्यापुढे हवं असेल त्याला दुसरी दुकानं आहेत, आणि ती आमच्याहून चांगली चालतात, हेही खरं.

अण्णा आता नाहीत. नर्सरीवाले काका अजून येतात. त्यांच्या व्ही-क्रॉसला मागे एक पाटा वाढवून कंपनीच्याच लांबीचे ट्विनट्यूब टाकलेत. उद्या सकाळी एक फोर्सची गुरखा गाडी यायची आहे, टपावर तंबू असलेली. मालकाने फोनवर विचारलं, कोणते शॉकअप मागवून ठेवताय? मी म्हटलं, दादा, येताना तंबू काढू नका, आणि काट्याच्या तिन्ही पावत्या घेऊन या.