इथंच घोडं पेंड खातं

परवापरवापर्यंत माझा घोड्याशी आयुष्यात तीनदाच संबंध आला होता. एकदा शाळेत असताना माथेरानला, दस्तुरी नाक्यापासून लाल मातीतून हलत-डुलत, घोडेवाला लगाम धरून पुढे आणि मी वर डोळे मिटून. एकदा भावाच्या वरातीत, तेही लांबूनच. आणि तिसरा म्हणजे रोजचाच, बोलण्यातला. दिवसातून एकदा तरी मी कोणाला तरी 'घोडं अडलंय कुठे' विचारते, रिपोर्टमधल्या फालतू पानांना खोगीरभरती म्हणते, लेकाला 'तोबरा भरून बोलू नकोस' म्हणते. पण खोगीर हातात धरून बघितलेलं नव्हतं. ते गेल्या ऑक्टोबरमध्ये उचललं. पंधराएक किलो असेल. खांद्यातून अशी कळ गेली की बस.

आम्ही राहतो अमेरिकेत, इंडियानातल्या कोलंबसला. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे इथे पुणेकर इतके की दिवाळीच्या फराळाला चकलीवरून भांडणं होतात. इथून पश्चिमेला गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर ब्राउन काउंटी स्टेट पार्क आहे, 1929 पासूनचं, इंडियानातलं सगळ्यात मोठं, जवळजवळ सोळा हजार एकर. सकाळी टेकड्यांवर धुकं असतं म्हणून लोक त्याला 'लिटल स्मोकीज' म्हणतात. ऑक्टोबरात पानं बघायला एवढी गर्दी होते की गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात. तिथे घोडेवाल्यांचा कॅम्प वेगळा आहे, हे मला दहा वर्षं राहून माहीत नव्हतं. रस्ताही वेगळा, आणि घोड्यांसाठीच्या वाटा साधारण सत्तर मैल.

ऑफिसातल्या एक बाई, वय साठीच्या पुढे, दोन घोड्या बाळगून आहेत. त्या म्हणाल्या, नातीला ताप आलाय, एक घोडी रिकामी आहे, येतेस का दोन रात्री? मी हो म्हटलं, का म्हटलं माहीत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तंबू ठोकून घोडे बांधून राहणार, म्हणजे मोहिमेवरच निघालीस की!"

मोहीमच होती. माझी एक सॅक, बाईंची एक, आणि बाकी सगळा ट्रेलर घोड्यांच्या सामानाने भरलेला. गवताचे गठ्ठे, बादल्या, दोर, माश्यांचा स्प्रे, खराऱ्याचे ब्रश, शेण भरायचं फावडं. घोड्यांच्या रक्ततपासणीचा कागदसुद्धा, जो खरं तर राज्याबाहेर जाताना लागतो, पण बाईंनी जवळ ठेवलाच होता. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो तरी गवत लागतं आणि वीस ते चाळीस लिटर पाणी. मी हिशोब केला आणि लक्षात आलं की कॅम्पिंगला घोड्या निघाल्यात, आपण त्यांचे मोतद्दार म्हणून बरोबर.

माझ्या वाट्याला आलेल्या घोडीचं नाव बिस्किट. रंगही पार्ले-जीचाच. पहिला धडा, खूर साफ करणं. तिच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, पायावरून हात खाली नेत न्यायचा, की ती आपण होऊन पाय उचलून तुमच्या हातात देते, आणि मग आकडीने नालेच्या आतली माती, खडे उकरायचे. मध्ये व्हीसारखा मऊ भाग असतो तो जपायचा. एवढं धूड स्वतःचा पाय आपल्या हातात देऊन शांत उभं राहतं, हे मला अजून विचित्र वाटतं. मी माझा पाय पार्लरमधल्या मुलीलासुद्धा इतक्या विश्वासाने देत नाही.

झाडाला थेट बांधायचं नाही, साल खातात आणि खुरांनी मुळं उकरतात. कॅम्पात आडवे दांडे आहेत, तिथे बांधायचं, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की क्षणात सुटली पाहिजे. ती गाठ मला सात वेळा शिकवली. सातव्यांदा बिस्किटने दातांनी सोडली.

रपेट म्हणाल तर चौखूर वगैरे काही नाही, चालच सगळी. चढाला पुढे वाकायचं, उताराला जरा मागे, वाळक्या पानांवर टापांचा चुरर चुरर आवाज. मी वर बघून लालबुंद मेपलचे फोटो काढतेय आणि बाई मागून ओरडतायत, "तिचं तोंड वर घे!" कारण लाल मेपलची सुकत आलेली पानं घोड्याला विषारी. आपण डोळे भरून बघायचं आणि तिने तोंड लावायचं नाही. बाई सांगत होत्या की हे जंगल वाटतं तितकं जुनं नाही, इथे शेती होती, टेकड्यांवरची माती वाहून गेली, शेतं ओस पडली, मग पार्क झालं आणि 1930च्या दशकात मंदीतल्या बेकार पोरांच्या सरकारी तुकड्यांनी झाडं लावली, रस्ते बांधले.

संध्याकाळी खरंच घोडं अडलं. बिस्किट पाणी पिईना. बादलीत नाक घालायची, ओठ हलवायची आणि तोंड फिरवायची. घरच्या पाण्याची चव नाही म्हणे. मला हसू आलं, कारण आमच्या नाशिकच्या आत्यापण पुण्यात आल्या की हेच म्हणतात. पण बाई हसत नव्हत्या. घोड्याला उलटी करता येत नाही, पाणी कमी पडलं की आतडी तटतात, पोटशूळ उठतो आणि जीवावर बेतू शकतं. वातावरण हलकं करावं म्हणून मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे अडचणीच्या जागेला 'इथंच घोडं पेंड खातं' म्हणतात. त्यांनी विचारलं, पेंड म्हणजे? तेल काढून उरलेला चोथा. मग त्या म्हणाल्या, "पण घोडं खातंय ना? मग अडचण कसली? खायचं थांबलं की अडचण."

मला उत्तर सुचलं नाही. आजतागायत सुचलेलं नाही.

बाईंनी बादलीत थोडा सफरचंदाचा रस ओतला. बिस्किटने हुंगलं, विचार केला, आणि मग सुर्रर्र करत अर्धी बादली संपवली. बाईंनी तिच्या कुशीला कान लावला, आत गुडगुड ऐकू आली, तेव्हा कुठे आमचा चहा झाला.

रात्री तंबूत झोप येईना. थंडी होती, आणि बाहेर सतत चावण्याचा आवाज, कर्रम कर्रम, मध्येच फुर्रर्र. पहिल्या तासाला वैताग आला आणि नंतर असं झालं की आवाज थांबला की मी दचकून उठायचे. एकदा टॉर्च घेऊन बघायला गेले तर एक पाय ढिला सोडून उभ्याउभ्याच डुलकी चालू, सांधे असे अडकवून ठेवतात की पडत नाहीत. कान माझ्याकडे वळला, बाकी काही हललं नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये एक पुणेकर मला मराठीत कुजबुजला, "बजेट. इथंच घोडं पेंड खातंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी पितंय ना?"