नकारानंतरचं गाणं

मंदीतलं १९३४ चं शिकागो. गाण्यांची छापील पत्रकं विकत फिरणारा आर्थर बँकेत कर्ज मागतो, मॅनेजर नाही म्हणतो. लगेच तोच मॅनेजर त्याच्यासोबत नाचायला लागतो, पोरी नाचतात, पैशाचा पाऊस पडतो. गाणं संपतं आणि नकार तसाच टेबलावर असतो. १९८१ च्या ‘पेनीज फ्रॉम हेवन’ या सिनेमाची सगळी रीत या प्रसंगात आहे. नट बहुतेक जुन्या तबकड्यांवर नुसते ओठ हलवतात. माणसाचं स्वप्नसुद्धा उसनं!

पीककर्जाचं टेबल यवतमाळ-वाशीमकडे कोणाला नवं नाही, त्यामुळे इकडे लघुपट करणाऱ्या पोरांना ही रीत मोहात पाडते. घोळ होतो तो गाण्याच्या कामाबद्दल. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात रडक्या प्रवेशानंतर लावणी येते ती प्रेक्षकानं दम घ्यावा म्हणून. रात्रभर बसायचं असतं, ते बरोबरच आहे. या सिनेमाच्या रीतीत मात्र गाणं पात्राच्या डोक्यात चालू असतं, म्हणून त्यात फक्त त्याला माहीत असलेल्या वस्तू हव्यात: तोच शिपाई, तीच फाईल, तोच करकरणारा पंखा. पऱ्हाटीत राबणाऱ्या माणसाच्या स्वप्नात बर्फाचे डोंगर आले, की ते स्वप्न दिग्दर्शकाचं झालं.

गाणं उगवतं कुठून, हे ‘डान्सर इन द डार्क’मध्ये (२०००) बघावं. दृष्टी जात चाललेल्या सेल्माला कारखान्यातल्या यंत्रांच्या ठोक्यातून गाणं सुचतं. आपल्याकडे जिनिंगचं यंत्र आहे, पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा आहे. तो आवाज फोन हातभर अंतरावर धरून दोनेक मिनिटं वेगळा टिपा, मध्ये कोणी बोलू नये. हातानं मारलेला दांडा एका लयीत राहत नाही, म्हणून त्यातला नीट तुकडा निवडून तोच पुन्हा पुन्हा जोडा. लय मिनिटाला १०० ठोके ठेवली तर सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो. १२० ठेवली की साडेबारा येतात आणि संकलनात अर्ध्या फ्रेमचं भांडण सुरू होतं.

चित्रणाच्या वेळी स्पीकर नटाजवळ ठेवा. आवाजाला १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, एक फ्रेम ४० ची. वावराच्या धुऱ्यावर ४० मीटर लांब स्पीकर ठेवला तर ओठ तीन फ्रेम मागे पडतात. नटानं नुसते ओठ न हलवता मोठ्यानं गावं, नाहीतर गळ्याच्या शिरा खोटं बोलतात. शटर १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट फडफडत नाही. जनरेटरवर फडफड परत येऊ शकते, म्हणून बॅटरीवरचे दिवे बरे. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि एक्स्पोजर (उजेडाचं माप) कुलूपबंद करा. ‘डान्सर इन द डार्क’च्या गाण्यांसाठी दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायरनं १०० पर्यंत स्थिर कॅमेरे लावले होते. एकाच फोनवर अख्खं गाणं चार-पाच कोनांतून, स्टँडवर, पुन्हा पुन्हा घेता येतं. उरलेलं वास्तव हातात कॅमेरा धरून.

खरी कसोटी परतीची. गाण्याआधीचा आणि नंतरचा भाग एकाच सलग शॉटमध्ये घ्या. नटाला मध्ये पाच सेकंद स्तब्ध बसवा आणि तिथे कापून गाणं घाला. हात, फाईल, भिंतीवरची तिरीप, सगळं आपोआप जुळतं. विरळ होत जाणारा फेड इथे टाळा, तो प्रेक्षकाला सांभाळून खाली उतरवतो. शेवटच्या ठोक्यावर सरळ तोडा आणि पंख्याचा आवाज चित्राच्या सहा-आठ फ्रेम आधी येऊ द्या.

या दोन्ही सिनेमांत शेवटी फाशी आहे. ती मात्र उचलू नका. तिकडे ती कोर्टानं दिलेली शिक्षा आहे, आपल्या भागात दोराचा अर्थ निराळा आहे आणि पहिल्या रांगेत त्या घरातलं माणूस बसलेलं असू शकतं.

जुन्या रेकॉर्डवर ओठ हलवायचे असतील तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, शब्द आणि चालीचा कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही तपासा. गावातल्या दंडारीतलं (लोकनाट्यातलं) पारंपरिक गाणं गावातल्याच गळ्यातून नव्यानं रेकॉर्ड केलं, तर फक्त गाणाऱ्याची आणि वाजवणाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते.